वास नसलेली कॅप्सूल

"ताई, मामंजी गेले तर मला पोलीस नेतील वो!"

डोंगरकड्याहून आलेली पुनम खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागली. सासरे संतराम हिंगोलीच्या दवाखान्यात होते. पायांत त्राण नाही, लघवी काळ्या चहासारखी, मूत्रपिंडांना धोका. आणि सासू सखुबाईनं गावभर केलं होतं, सुनेनं जेवणात विष घातलं!

"औषध काय घेत होते?" गुप्तहेर दीक्षानं विचारलं.

"काहीच न्हाई. कोलेस्टेरॉल वाढलं तवा डॉक्टरनं गोळी दिली. मामंजींनी ती सगळ्यांदेखत उकिरड्यावर फेकली. म्हणे, जन्मभर गोळ्या कोण खाईल? नुसती लसणाची कॅप्सूल घेत होते."

दीक्षा पुनमला आणि सहायक उकंडरावांना घेऊन डोंगरकड्याला पोचली. कॅप्सूलची बाटली संतरामांचा मुलगा, पुनमचा नवरा वैजनाथ वसमतहून आणायचा. दीक्षानं एक कॅप्सूल उघडून हुंगली. आत पांढरी पूड, पण लसणाचा वास म्हणून नाही. वैजनाथला घाम फुटला.

"ताक तेवढं मी देते त्यांला. बाकी सगळं हिच्या हातचं!" सखुबाई कडाडली.

तिच्या खलबत्त्याच्या तळालाही पांढरी पूड होती. "चुना हाय," ती घाईनं म्हणाली.

खुंटीवर संतरामांची बंडी होती. तिच्या खिशात कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट निघालं.

"गोळ्या तर फेकल्या होत्या. मग हे इथं काहून?" उकंडराव चक्रावले.

संध्याकाळी दवाखान्यात दीक्षानं सगळ्यांना संतरामांच्या खाटेभोवती उभं केलं. डॉक्टरही होते.

"विष कोणीच घातलं नाही," ती म्हणाली. "वैजनाथ, लसूण काढून कॅप्सूलमध्ये कोलेस्टेरॉलची गोळी कुटून तू भरत होतास."

वैजनाथ रडू लागला. "बाबा ऐकतच नव्हते, ताई."

"सखुबाई, चुना कोणी खलबत्त्यात कुटतं का? तुम्हीही तीच गोळी ताकातून देत होता."

"अगं बाई! जगावेत म्हणून देत होते मी!"

"आणि काका, बंडी तुमची. चारचौघांत तोरा मिरवला, पण मनातून भ्यालात. गोळ्या गुपचूप विकत आणून खात होता. व्हय ना?"

संतरामांनी होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे रोज तीन गोळ्या!" उकंडरावांचा आवाज चिरकला.

"जास्त झालेल्या गोळीनंच स्नायू तुटले आणि त्यांचा गाळ अडकून मूत्रपिंडं तुंबली," डॉक्टर म्हणाले. "आता नेमका इलाज करता येईल." ते लगबगीनं नर्सला हाका मारत गेले.

"चोरून काहीच न देणारी घरात एकटी पुनम होती," दीक्षा म्हणाली.

सखुबाई रडत सुनेचा हात धरायला पुढं झाली. पुनम भिंतीला चिकटली.

"नका, आत्याबाई," ती म्हणाली. "मला तुमचं लई भ्या वाटतंय."