कानाखालचा तीळ

"हा तीळ कधीपासून आहे तुम्हाला?"

मायक्रोस्कोप दुरुस्त करायला आलेल्या, त्यावर वाकलेल्या अनोळखी माणसाला सहसा कुणी असं विचारत नाही. पण विचारणारी कातडीची शास्त्रज्ञ होती, आणि टोपी नि मास्क यांच्या फटीतून त्या माणसाचा एवढाच ऐवज तिला दिसत होता.

"लहानपणापासून," भिंग पुसता पुसता तो म्हणाला. "हल्ली जरा अंग धरलंय त्याने. आई म्हणायची, भाग्याचा आहे."

"भाग्याच्या कडा अशा वेड्यावाकड्या नसतात. डॉक्टरांना दाखवा."

"पहिल्याच भेटीत एवढी काळजी?" तो हसला असावा. मास्क हलला.

ऑपरेशनमध्ये कापून टाकलेल्या कातडीच्या तुकड्यांतून ती पेशी वाढवायची. शहाण्यासारखी वागणारी रंगपेशी एक दिवस ताळतंत्र सोडून कॅन्सर का होते, हे शोधण्यात तिचं तारुण्य गेलं होतं. पेशींना रविवार नसतो. खाणं चुकलं की मरतात. घरी कुणी वाट बघत नव्हतं. इथे निदान बशीभर जीव तरी खोळंबलेले असायचे. वहिनीने मागे एक स्थळ दाखवलं, तेव्हा "कसा वाटला?" याला तिचं उत्तर होतं, "कपाळावर उन्हाचे डाग आहेत. बाकी स्वच्छ."

"वन्सं, नवरा बघायला गेला होतात की वांगी?" वहिनीने त्यानंतर नाद सोडला.

भिंगवाला मात्र येत राहिला. मायक्रोस्कोप सारखा बिघडू लागला होता.

"मॅडम, हा स्क्रू आपोआप सैल होत नाही."

"दमट हवा आहे..."

"इथे? चोवीस तास एसी आहे."

"मग तुम्हीच नीट बसवत नसाल."

"बसवतो की! पण तो सैल झाला नाही, तर मला बोलावणार कोण?"

काम झालं की दोघं व्हरांड्यात चहा प्यायची. तो मास्क काढून फुंकर मारत बोलायचा. ती तिळाच्या बाजूला उभी राहून ऐकायची. आणि तिळाकडे बघायची. शेवटी एकदा तिने पेला कठड्यावर ठेवला.

"काढून टाका ना तो. माझ्यासाठी."

त्याने आपला पेला रिकामा केला. मग म्हणाला, "बरं."

त्यानंतर तो आला नाही. तिने स्क्रू पार काढूनच ठेवला, तर कंपनीने दुसराच माणूस पाठवला. त्याच्या मानेवर काहीच नव्हतं. ती पुन्हा एकटी चहा प्यायला लागली, आणि चहाला चव नसते हा शोध तिला लागला.

मग फोन आला. "टाके निघाले. तपासणीचा निकाल समोरासमोर सांगतो. चौकातल्या कॉफीच्या दुकानात या."

ती वेळेआधी गेली. दार उघडलं की मान वर करायची. म्हातारा, कॉलेजातली जोडी, निळ्या शर्टातला कुणी एक, ओल्या छत्रीवाली बाई... तो नाहीच. कॉफीवर साय धरली. निकाल वाईट असेल—म्हणून धीर होत नसेल? की तिळापुरतंच नातं होतं, ते तिनेच कापायला लावलं?

"अजून किती वेळ वाट बघणार, मॅडम?"

आवाज समोरच्या टेबलावरून आला. निळा शर्ट.

"तुम्ही... कधी आलात?"

"तुमच्यानंतर थोड्याच वेळात. गंमत म्हणून बोललो नाही. मग तुम्ही दोनदा माझ्याकडे बघितलंत आणि ओळखलं नाहीत. तेव्हा गंमत गेली." तो उठून उभा राहिला होता, खिशातल्या किल्ल्या हातात होत्या. "तुमचा तो तीळ दवाखान्यात बाटलीत आहे. त्याच्याशीच कॉफी प्यायची असेल तर पत्ता देतो."

इतक्या चहांत या माणसाचे डोळे कसे आहेत, हे तिने पाहिलंच नव्हतं.

"निकाल?" तिने विचारलं.

"वाईटच होता. पण तीळ वेळेत निघाला, आता आत काही नाही." किल्ल्या वाजल्या. "उरलोय तो मी. तेवढ्यावर तुमचं भागणार नाही, हे आज कळलं."

तो वळला. तिने त्याची बाही धरली—हातमोज्याशिवाय कुणाला धरण्याची तिला सवय नव्हती.

"जाऊ नका ना... इथे बसा. असे नाही, उजेडाकडे तोंड करून." तिने समोरची खुर्ची ओढली. "मला तुम्हाला बघायचंय."