तात्पुरती दुरुस्ती

सकाळी संगणक सुरू केला, तर वाचनालयातल्या साडेतीन हजार पुस्तकांची नावं गायब. प्रत्येक नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! सूचीबाईने कपाळावर हात मारला. पुस्तकांची सूची करते म्हणून सगळे तिला सूचीबाई म्हणत. वय मात्र अवघं सव्वीस. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असं समजून ती डोळे पुसत होती, तेवढ्यात दारात एक ओली छत्री आणि तिच्यामागे एक उंच माणूस येऊन उभा राहिला.

"प्रिंटर बिघडलाय म्हणून बोलावलं होतं…"

"तो शेजारच्या ऑफिसात. पण आधी हे बघा."

त्याने पडद्यावर एक काळी खिडकी उघडली, तीत एक ओळ लिहिली, तिथूनच सूची पुन्हा उघडली – आणि सगळी नावं जिथल्या तिथे.

"पुस्तकं कुठे गेली नव्हती," तो म्हणाला. "कालच्या अपडेटमध्ये मशीन तुमची भाषा विसरलं. मी आठवण करून दिली."

"आणि परत विसरलं तर?"

"तर… मी आहेच की."

ते 'आहेच की' तिला दिवसभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी मशीन परत विसरलं. तिसऱ्याही. रोज साडेनऊला तो यायचा, ओळ लिहायचा, आणि जाताना तिने सुचवलेलं पुस्तक घेऊन जायचा.

"सहाशे पानं एका दिवसात?" तिने एकदा विचारलं.

"शेवट कसा होतो याची धाकधूक होती. म्हणून आधी तोच वाचला."

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की साडेनऊ वाजायच्या आधीच आपण केस सारखे करायला लागलो आहोत.

तीन आठवड्यांनी ग्रंथपालबाईंचा संयम संपला. "रोज मलमपट्टी करणारा डॉक्टर काय कामाचा? उद्या तक्रार-अर्ज भरून द्या. कंपनी दुसरा माणूस पाठवेल."

अर्जात पहिलाच रकाना होता – बिघाडाचं कारण. ते कळावं म्हणून तिने मशीनमधली मदतीची पानं उघडली. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: काळ्या खिडकीत दिलेली भाषा खिडकी बंद होईपर्यंतच टिकते. कायमची हवी तर तीच ओळ सेटिंगच्या फाइलीत लिहायची. एवढं साधं? हे त्याला ठाऊक नसेल? तिच्या मनात पाल चुकचुकली. राग आला, आणि त्या रागाला चक्क गुदगुल्या होत होत्या. तिने ओळ फाइलीत लिहिली, मशीन दोनदा बंद-चालू केलं. नावं हलली नाहीत. आणि मग ती घाबरली… आता तो कशाला येईल?

शनिवारी साडेनऊला तो आला. पडद्यावर सगळं ठीक दिसलं आणि त्याचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा तिने नीट पाहून घेतला.

"मी केलं. फाइलीत लिहून. तुम्हाला ती फाइल माहीत नव्हती?"

तो छत्रीच्या मुठीशी चाळा करत राहिला. "पहिल्या दिवशी शेजारी जायची घाई होती, म्हणून तात्पुरतं केलं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडलीही होती… मग बंद केली. कायमचं केलं असतं, तर परत कशाला आलो असतो?"

"रोज माझी दहा मिनिटं वाया जायची."

"चुकलंच माझं. तक्रार करा, माझी हरकत नाही. पण पुस्तकं खरंच वाचली."

"शेवटाकडून."

"शेवटाकडून."

"सरळ बोलता येत नव्हतं?"

"मशीनशी जमतं. माणसासमोर… जीभ अडखळते."

"प्रयत्न करून बघा."

त्याने छत्री खाली ठेवली. "तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

तिचे कान तापले. तिने पेन उचललं आणि अर्ज भरायला घेतला. तो मान खाली घालून उभा. भरून झाल्यावर कागद तिने त्याच्याकडे सरकवला.

"ग्रंथपालबाईंना मी खरं काय ते सांगेन. हा तुमच्यासाठी."

बिघाडाचं कारण: तंत्रज्ञाचा संकोच. उपाय: कायमचा केला. तंत्रज्ञाने पुन्हा येण्याची गरज आहे का, या शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं होतं –

रोज. बिघाड नसला तरी.