आलोच

पौषातल्या एका सकाळी सुहास नगरहून सोनईला निघाला, व्हॅन विकायला. काम साधंच होतं. सहादेवभाऊ नावाच्या बागायतदाराला घरची माणसं घेऊन देवदर्शनाला हिंडायला गाडी हवी होती, आणि सुहासला ती कशीही करून दारातून घालवायची होती. वाटेभर उसाच्या फडांवर धुकं होतं. स्वेटर-मफलर घालून तो गाडी चालवत होता. मागच्या भागाकडे पाठ करून बसायला मिळतंय, मधे प्लायवूडची भिंत आहे, याचंच त्याला बरं वाटत होतं.

एके काळी ही व्हॅन म्हणजे त्याचा जीव की प्राण. एकेका काचेवर वर्तमानपत्र धरून त्याने मापं काढली, जाड फोमचे पडदे कापले, एका बाजूला चंदेरी शीट, दुसऱ्या बाजूला काळं कापड लावलं आणि कडेने लोहचुंबक बसवले. "फटीत नखसुद्धा शिरणार नाही," असं तो येईल त्याला ऐकवायचा. उन्हाळ्यात चंदेरी बाजू बाहेर, हिवाळ्यात आत. बाहेरचं ऊन आत नाही, आतली ऊब बाहेर नाही, आणि आत कोण आहे ते कोणाच्या बापाला कळायचं नाही.

तेवढंच तर त्याला हवं होतं. त्याची आई, शोभाबाई, म्हातारपणी भ्रमिष्ट झाली होती. भरल्या पंगतीत पदर टाकायची, पाहुण्यांना शिव्या द्यायची. चालत्या गाडीचं दार उघडते म्हणून सुहासने मागच्या दाराची आतली मूठच काढून टाकली होती. त्याला आईची लाज वाटायची. पोटच्या पोराला लाज वाटायची, दुसरं काही नाही.

गेल्या वैशाखात शेवगावला त्याच्या साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. बायको निवेदिता माहेरी गेलेली, त्यामुळे आईला बरोबर नेणं भाग पडलं. आई हरखली होती. नवं पातळ नेसून, आमंत्रणाबरोबर आलेल्या अक्षता मुठीत घट्ट धरून मागे बसली होती. सुहासने मंगल कार्यालयाच्या मागे गाडी लावली, सगळे पडदे चढवले आणि म्हणाला, "आलोच, आई."

आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ असतं. 'आलोच' म्हणावं आणि खुशाल जावं, एवढी सोय भाषेने करून ठेवली आहे. सुहास गेला तो मंगलाष्टकं, आहेर, साहेबांच्या शेजारची पंगत आणि वर दोनदा मठ्ठा उरकूनच परतला. इकडे छपराचा पत्रा तापत होता. जी गाडी पौषात ऊब बाहेर सोडत नाही, ती वैशाखात तरी कशी सोडणार?

मागच्या खिडकीच्या काळ्या कापडावर नखांचे ओरखडे होते. तो पडदा त्याने जाळला, नवा बसवला आणि सगळ्यांना सांगितलं, झोपेतच गेली. पुण्यवान बाई, सुखाचं मरण आलं, असं लोक म्हणाले. निवेदितानेही विश्वास ठेवला. हिवाळा आला तरी पडदे उलटवायलाही तो आत चढला नव्हता. आता गाडी एकदा खपली, की विचारायला कोणी उरणार नव्हतं.

सहादेवभाऊंनी गाडीभोवती चक्कर मारली, टायरला लाथ घालून पाहिली. त्यांची बायको छबूबाई चहा घेऊन आली, ती मागच्या खिडकीशी थबकली. काहीतरी बोलली आणि काचेला कान लावून उभी राहिली.

"आजींना बी च्या आनू का?"

"कोण आजी?" सुहासने विचारलं.

"आत बसल्यात त्या. मी म्हनलं, उतरा की खाली. तर म्हनल्या, 'आलाच तो.'"

सुहास घाईने खिडकीशी आला. "रेडिओ... रेडिओ चालू राहिला असेल."

"तिला काय बी ऐकू येतं," सहादेवभाऊ हसले. "सायेब, तुमी आत बसा अन् मोबाईलची बॅटरी लावा. उजेड भायेर फुटतो का बघू. आमच्या लेकी-सुना झोपनार हायेत आत."

नाही म्हणायला कारण हवं, आणि असलेलं कारण सांगण्यासारखं नव्हतं. "आलोच," म्हणत सुहास आत चढला. सहादेवभाऊंनी दार ओढून घेतलं. ते खटकन बसलं, तेव्हा त्याला काढून टाकलेल्या मुठीची आठवण झाली.

आधी त्याला वाटलं, भीतीने अंगाला घाम फुटलाय. मग मफलर गळ्याला चिकटला, छातीत श्वास मावेना. बाहेर पौष होता आणि आत वैशाख. ती दुपार या गाडीतून बाहेर पडलीच नव्हती. पडदे इतके चोख बसवले होते त्याने. तापल्या प्लास्टिकचा वास येत होता, आणि त्याखाली खोबरेल तेलाचा, ओळखीचा.

"आलास...?"

हातातला फोन तापून विझला. सुहास खिडकीवर तुटून पडला. फटीत नख शिरेना. काळं कापड खरवडून बोटांतून रक्त आलं, पण पडदा हलला नाही.

"सहादेवभाऊ... दार...!"

पलीकडून सहादेवभाऊंचा आवाज स्वच्छ येत होता. "काय बी दिसंना. आवाज बी न्हाई. लई झाक काम केलंय गड्यानं!"

मग त्याच्या डोक्यावर काहीतरी हलकं पडलं. त्याने केसांत हात घातला. तांदूळ होते, हळदकुंकवाने चिकट झालेले. पुन्हा पडले. अंधारात कोणीतरी थरथरत्या हाताने त्याच्यावर अक्षता टाकत होतं आणि लहान मुलाच्या आनंदाने म्हणत होतं, "सावधान... सुहास, सावधान..."

चहा संपवून सहादेवभाऊंनी दार उघडलं, तेव्हा सुहास गेलेला होता. अंग चटका बसेल असं तापलं होतं. पौषात उष्माघात म्हणायला डॉक्टरांची जीभ रेटेना, त्यांनी हृदयविकार म्हटलं. दहाव्याला जमलेली माणसं निवेदिताला म्हणाली, फार हाल झाले नाहीत, सुखाचं मरण आलं.

तेरावं झाल्यावर निवेदिता गाडी न्यायला सोनईला आली. अंगणात ट्रॅक्टरवर, कडब्यावर, सगळीकडे दव होतं. व्हॅन तेवढी कोरडी होती, आणि घरच्या सगळ्या कोंबड्या उबेला तिच्याखाली बसल्या होत्या.

"शेवटी काही बोलले का हो ते?" निवेदिताने विचारलं.

"व्हय," छबूबाई म्हणाली. "आत जाताना म्हनले, 'आलोच.'" तिने गाडीकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. "आन् आज सकाळी बी."