पट्टीवरची पांढरी रेघ

मूल होत नाही अशा जोडप्यांच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं आयाचं काम केलं. शाळा दुसरीतच सुटली, पण तिथं माझ्याशिवाय पान हलत नसे. नवीन नर्स आली की आधी मला नमस्कार करायची, मग डॉक्टरीणबाईंना.

लॅबमधल्या टाकीची पट्टीही माझ्याकडेच. टाकी म्हणजे दुधाच्या मोठ्या कॅनसारखी. आत बर्फाहून गार पातळ नायट्रोजन, आणि त्या गारठ्यात एकोणीस जोडप्यांचे गोठवलेले गर्भ. रविवार सोडून रोज सकाळी काळी पट्टी तळापर्यंत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथवर नायट्रोजन, तिथवर पांढरं हिव धरतं. रेघ सहा बोटांच्या वर असेल तर तक्त्यावर बरोबरची खूण. खाली असेल तर फुली, आणि लॅबवाल्याला लगेच फोन.

त्या टाकीत माझ्या सुनेचाही एक होता. शेवटचा. तिची चाळिशी उलटलेली. आधीचे दोन टिकले नव्हते, आणि आता नवीन बीज निघायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलेलं. हा पोटात ठेवायला पुढचा गुरुवार ठरला होता.

लॅबवाला शिकलेला, अर्धं टक्कल पडलेला, आणि तोरा असा की विचारू नका. त्या आठवड्यात दोन नर्सांसमोर मला म्हणाला, "मावशी, तुम्ही नुसती पट्टी बुडवा. डोकं चालवायला मी आहे."

"चालव बाबा," मी म्हटलं. "केस तर त्यातच गेलेत."

नर्सा तोंडाला पदर लावून हसल्या. तेवढ्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही.

शनिवारी लॅब बंद. पट्टी काढली तर रेघ चार बोटांवर. आदल्या दिवशी नऊ होती. एरवी दिवसाला बोटभर उतरते, एवढी कधीच नाही. मला कळलं नाही असं नाही. पण त्याला फोन करायचा म्हणजे "नीट बघितलंत ना मावशी?" हे ऐकून घ्यायचं. म्हटलं, चार बोटं सोमवारपर्यंत पुरतील. सोमवारी बघेल, घाम फुटेल, तेवढीच जिरेल. मी बरोबरची खूण केली आणि घरी गेले.

सोमवारी टाकी कोरडी होती.

डॉक्टरीणबाईंनी एकेका जोडप्याला आत बोलावून सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "शनिवारी पट्टी ठीक होती." टाकी भरायचं काम लॅबवाल्याचं, म्हणून त्याची नोकरी गेली. सून घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. रडली असती तर जवळ घेतलं असतं. मुलगा म्हणाला, "आई, तिला काही बोलू नकोस."

टाकी अडगळीच्या खोलीत गेली. पंधराएक दिवसांनी तिथली फरशी पुसताना टाकीला हात लागला आणि गारठ्यानं बोटं चटकली. झाकण उघडलं. आत नुसती धूळ. तरी पट्टी बुडवली, हलवली. एक बोटभर पांढरी रेघ.

नर्सला हाक मारली. तिने बुडवली. पट्टी काळी, कोरडी.

"मावशी, रजा घ्या चार दिवस."

दुसऱ्या दिवशी दोन बोटं. मग तीन. मी कुणाला सांगितलं नाही, तक्त्यावर खूणही केली नाही.

घरी भर उन्हाळा. सून मात्र शाल गुंडाळून बसू लागली. पंधरा दिवस धड घास न गिळलेली बाई आता दुसऱ्यांदा वाढून मागायची. गाणं गुणगुणायची. तिच्या खोलीची काच आतून धुरकट झालेली असायची.

टाकीतली रेघ नऊ बोटांवर गेली त्या दुपारी तिने माझा हात धरला. "आई, इथं लावून बघा ना."

पोट टाकीच्या झाकणासारखं गार होतं. आतून काहीतरी हललं.

मी तिला तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. पडद्यावर काही नव्हतं. "रिकामं आहे," त्या म्हणाल्या. पण म्हणताना स्वतःची बोटं चोळत होत्या, आणि पोटावर लावलेलं जेल पांढरं पडून थिजलं होतं.

घरी आल्यावर मला राहवेना. पलंगाच्या काठावर बसले.

"सूनबाई, त्या शनिवारी रेघ चार बोटांवर होती. मी बघितली होती. फोन केला नाही. त्या टकल्याची जिरवायला निघाले होते."

तिने डोळे मिटले.

"तुम्ही मला सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मी धावत गेले असते हो. अनवाणी."

मी पहिल्यांदा तिच्यासमोर रडले.

तिने माझा हात उचलून बेंबीपाशी ठेवला. आतून हलकी ढुशी बसली.

"हा आपला."

मग हात डावीकडे सरकवला. तिथूनही ढुशी आली.

"हा कुणाचा असेल हो?"

तिच्या तोंडातून वाफ निघत होती. बाहेर ऊन रणरणत होतं.

"आणि ही?"

मी हात काढून घ्यायला गेले. तिने तो घट्ट धरला, आणि हळूच आणखी पुढे सरकवला.