खोक्याच्या आतली रेघ

बसा असे जवळ. मोठा दिवा घालवा, आणि ते मोबाईल उलटे ठेवा. त्या उजेडात तुमचीच तोंडं भुतासारखी दिसतात. ही गोष्ट माझ्या चांगल्या ओळखीच्या माणसाची आहे. अजून आहे तो. भेटला की आग्रहानं चहा पाजतो. फक्त हा विषय काढला की उठून जातो.

त्याला सगळे दणक्या म्हणायचे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो सबवूफर बनवायचा. साधेसुधे नाहीत, कपाटाएवढे. त्याला एकच वेड होतं. आवाज खाली न्यायचा, आणखी खाली, इतका की कानाला काही कळू नये आणि छातीत मात्र बसावा. हो रे, माहीत आहे, तसल्या आवाजानं भास होतात असं तू आता सांगशील. पण स्पीकरला वीजच नसेल तर? आधी ऐक.

अशा खोक्याचं एक असतं. ते हवाबंद लागतं. सुईएवढी फट राहिली तरी त्या खोल आवाजाचं फुस्स होतं. म्हणून सगळे पाट ठोकून झाले की स्पीकर बसवायच्या पुढच्या भोकातून माणूस आत उतरवायचा आणि सांध्यासांध्यावरून सिलिकॉन फिरवून घ्यायचं. दणक्याचं पोट त्या भोकात कुठलं मावायला! हे काम करायचे सुतारकाका. काडीसारखा माणूस. तोंडात बॅटरी धरून आत जायचे, अंगठ्यानं सिलिकॉन दाबत कोपरा न् कोपरा भरायचे. तरुणपणी पटाशीनं त्यांचा अंगठा मधोमध चिरला होता, त्यामुळे त्यांनी फिरवलेल्या सिलिकॉनवर मध्ये एक बारीक उंच रेघ उठायची. काम झालं की आतून दोनदा टकटक करायचे. मग बाहेरच्यानं हात द्यायचा आणि काकांना ओढून काढायचं. गुडघे धरले होते ना त्यांचे.

हे काका गेल्या पावसाळ्याच्या शेवटी झोपेतच गेले. आणि मी सांगतोय ती रात्र जानेवारीतल्या शेवटच्या शुक्रवारची.

त्या संध्याकाळी दणक्या टेप घेऊन गावातल्या थिएटरवर गेला होता. दुसऱ्या दिवशी खोकं पोचवायचं होतं, तेव्हा दारातून जातंय का ते बघायला. माप नीट बसलं. निघताना मॅनेजर सहज म्हणाला, "तुमचा धाकटा काल त्या पलीकडच्या गल्लीतल्या साउंडवाल्याकडे बसला होता. वेगळा धंदा काढतोय की काय?"

झालं. दणक्याच्या डोक्यात भुंगा शिरला.

धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. आईवडील गेले तेव्हा धाकटा आठ वर्षांचा होता. दणक्यानंच त्याला लहानाचा मोठा केला, सोल्डरिंग शिकवलं, जेवताना स्वतःच्या ताटातलं काढून दिलं. त्या पोराशिवाय त्याला रक्ताचं दुसरं कुणी नव्हतं. आणि म्हणूनच, बरं का, संशय आला तो थेट काळजात घुसला.

घरी येऊन त्यानं तडक खोकं तपासलं. एकवीस इंची स्पीकर बसवलेला होता. त्याचा काळा पडदा दोन्ही तळहातांनी आत दाबायचा आणि सोडायचा. खोकं हवाबंद असेल तर पडदा सावकाश परत येतो, सुस्कारा सोडल्यासारखा. हा पडदा टणकन परत आला.

"मागच्या पाटाला आतून सिलिकॉन लावलंच नाहीस?"

धाकट्यानं मान खाली घातली. "दादा, परवा आत गेलो होतो मी. नाही जमलं. काहीही काम सांग, पुन्हा आत जायला सांगू नकोस."

"का? आत काय वाघ बसलाय?"

"तू हसशील."

"आणि त्या पलीकडच्याकडे कशाला गेला होतास?"

"त्याच्याकडे एक बारीक माणूस आहे. एका दिवसासाठी देतोस का, ते विचारायला."

दणक्याला हे पटेना. मुद्दाम फट ठेवायची, उद्या थिएटरात आपलं हसं करायचं आणि ऑर्डर पलीकडच्या घशात घालायची, असा सगळा डाव त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. रात्री त्यानं स्पीकरचे बोल्ट करकचून आवळले आणि प्रत्येकावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, अर्धा बोल्टवर आणि अर्धा स्पीकरच्या कडेवर. कुणी बोल्ट जरा फिरवला तरी ठिपका मोडणार. मग शेडला आतून कडी घातली, खिडकी तेवढी उघडी ठेवली, दिवा मालवला आणि खुर्ची टाकून बसला. आणखी काही बिघडवायला चोर रात्रीच येणार, आज त्याला रंगेहाथ पकडायचं.

थंडी चांगलीच होती. बारा वाजले, एक वाजला. दणक्याला डुलकी लागत होती.

पावणेदोनच्या सुमाराला बाकावरच्या डब्यातले स्क्रू हलले.

किणकिण... अगदी बारीक.

आवाज कसलाच नव्हता. पण छातीत काहीतरी दाबल्यासारखं झालं. सुटल्यासारखं झालं. पुन्हा दाबल्यासारखं...

त्यानं बॅटरी पेटवली. स्पीकरचा पडदा हलत होता. आत. बाहेर. आत. बाहेर. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

कुठून तरी वायर जोडली असणार! दणक्यानं स्पीकरची वायर धरली आणि हातानं चाचपत गेला. दोन हातांवर ती संपली. तांब्याची दोन्ही टोकं जमिनीवर मोकळी पडली होती.

पडदा थांबला.

मग आतून आवाज आला. सर्रर्र... लाकडावरून बोट फिरवल्यासारखा. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे. सावकाश.

घाबरायचं सोडून दणक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागचा पाट उचकटून धाकटा आत शिरलाय, दुसरं काय! संशय आला की माणसाला आपण स्वतः पाहिलेलंही आठवत नाही. खोकं भिंतीला चिकटून उभं होतं, मागे हात घालायलाही जागा नव्हती.

"बाहेर ये, चोरा!" तो ओरडला. "पोटच्या पोरासारखा वाढवला तुला, आणि माझ्याच मुळावर उठलास? त्यापेक्षा तेव्हाच कुणाला तरी देऊन टाकला असता तर बरं झालं असतं!"

सरसर थांबली.

"दादा..."

आवाज मागून आला होता. खिडकीतून.

धाकटा बाहेर उभा होता. हातात घोंगडी होती. थंडी वाजत असेल म्हणून दादासाठी घेऊन आला होता. सगळं ऐकलं होतं त्यानं.



आणि खोक्यातून आलं...

टक. टक.

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "परवा मी आत गेलो ना, दादा... तर अंधारात कुणीतरी बाजूला सरकलं. मला जागा करून दिली. वास ओळखीचा होता. काका आहेत ते. त्यांना हात दे."

दणक्याला वाटलं, आत मोबाईल ठेवून हा आपल्याला वेड्यात काढतोय. "बंद कर तुझी नाटकं," तो म्हणाला.

धाकट्यानं घोंगडी खिडकीत ठेवली. अंगणाचं फाटक वाजलं. मग काही नाही.

टक. टक...

दणक्या खुर्चीतून उठला नाही. उजाडेपर्यंत तसाच बसून राहिला. आणखी दोन-तीनदा वाजलं. हळूहळू. मग थांबलं.

सकाळी त्यानं पडद्यावर तळहात ठेवले. दाबला. सोडला.

पडदा सावकाश परत आला, सुस्कारा सोडल्यासारखा.

लाल ठिपके सगळे शाबूत होते, एकालाही तडा नव्हता. ते मोडत त्यानं एकेक बोल्ट काढला आणि स्पीकर कसाबसा खाली उतरवला. भोकातून बॅटरी आत धरली. आत मोबाईल नव्हता, काहीच नव्हतं. मागच्या पाटाचा सांधा मात्र चारी बाजूंनी सिलिकॉननं भरलेला होता. नीट, एका हाताचा. आणि मधोमध बारीक उंच रेघ.

तो तिथंच जमिनीवर बसला आणि त्यानं धाकट्याला फोन लावला. खूप वेळानं उचलला गेला.

"चुकलो रे," तो म्हणाला. "घरी ये. तू म्हणत होतास ते खरं होतं. काकांनी सगळं भरून ठेवलंय."

मग धाकट्यानं एवढंच विचारलं,

"त्यांना बाहेर यायला हात दिलास का?"

आणि फोन बंद झाला. धाकटा त्या घरात परत आला नाही. पलीकडच्या गल्लीतच काम करतो आता.

त्या सकाळी फोन ठेवून दणक्यानं मान वर केली. खोक्याचं भोक त्याच्या अगदी तोंडासमोर होतं. त्या भोकाच्या कडेला, आतल्या बाजूनं, घट्ट धरल्यासारखे सिलिकॉन माखलेल्या चार बोटांचे ठसे होते. कडेवरून बाहेर आलेला अंगठ्याचा एक ठसा होता, मधोमध चिरलेला.

सिलिकॉन अजून ओलं होतं.