पुष्पाबाईंची एकच कॅसेट

“मावशी, मायचा आवाज कोनं तरी पुसला!”

दुसरबीडच्या मंजुश्रीचा फोन आला. धम्मशीलाबाई शेंगा फोडत होत्या. हवालदारकी संपून चार वर्षं झाली, तरी त्यांचं नाक ड्युटीवरच होतं. सूप तसंच टाकून त्या निघाल्या.

मंजुश्रीची माय, पुष्पाबाई, खाटेवर बसल्या होत्या. आधी नाटकं केली, मग सिनेमे, मग वीस वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांना आवाज दिला. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही. त्यांच्या आवाजातल्या श्रुतिकेची एक कॅसेट तेवढी उरली होती. तिची दुसरी बाजू केव्हाच खराब झालेली.

“शेवटी कधी ऐकली?”

“परवा. आज लावली तं नुसती खरखर. या दीपूनंच केलं! परवाच मोबाइलमधी भरून घेतो म्हणून मांगं लागला होता. म्या हात लावू देला नाही.”

“मी काऊन पुसीन, ताई?” धाकट्या धम्मदीपचे डोळे भरले. “माही बी मायच हाय ना!”

“निघ माह्या घरातून!”

धम्मशीलाबाईंनी कॅसेट उलटसुलट पाहिली. पुन्हा काही भरू नये म्हणून तिची खिट्टी मोडलेली होती. त्या भोकावर आता औषधाची चिकटपट्टी होती, कडेला दातांच्या खुणा.

“काल घरी कोण होतं?”

“मायच. आमी साखरखेर्ड्याले बाजारात.”

“आल्यावर काय दिसलं?”

“पंखा बंद. दाराच्या फटीत गोधडी. माय घामानं वली.”

“पूर्वी आवाज बसला तर त्या काय करायच्या?”

“म्हणे, ताप असो का घसा बसो, स्टुडिओतला लाल दिवा लागला का आवाज येतेच.”

धम्मशीलाबाईंनी आवाज मोठा करून कॅसेट लावली. खरखरीत श्वास ऐकू आला. मग घशात अडकलेलं काहीतरी. पुन्हा श्वास.

“भोक बुजवलं की कॅसेट पुन्हा भरता येते. चिकटपट्टी दातानं तोडली, कारण हात एकच चालतो. पंखा आणि दार बंद, कारण आवाज भरताना इतर आवाज नको. या रेकॉर्डरलाही लाल दिवा आहे. बाई, तुम्हीच ना?”

पुष्पाबाईंनी होकारार्थी मान हलवली. उशीखालून त्यांनी एक कागद काढला आणि बोट आधी त्यावर, मग रेकॉर्डरवर ठेवलं. डाव्या हातानं लिहिलेली अक्षरं वाकडीतिकडी होती.

‘मंजू, तुह्या लग्नाले मी कामापायी शेवटच्या बसनं आली. दीपू, तू लहानपणी मले माय नाही, बाई म्हणे. जलमभर लोकायचेच बोल बोलली. हे माहे हायेत.’

मंजुश्रीनं कागद दोनदा वाचला. तिनं परवा भावाला कॅसेटला हात लावू दिला असता, तर श्रुतिका तरी वाचली असती. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

कॅसेट चालूच होती.

“दीपू,” ती रडत म्हणाली, “मोबाइल काढ. हे तं भरून घे.”