भट्टीवरची पाळी

हामाउराच्या बायकांनी वर्षानुवर्षं त्या लाल धुळीला शिव्या घातल्या. दोरीवर पांढरा कपडा टाकायची सोय नव्हती. पोलादाच्या कारखान्याची भट्टी दिवसरात्र धडधडायची आणि लोखंडाची भुकटी चादरींवर येऊन बसायची. मग मालकांनी भट्टी विझवली. तेव्हापासून गावाचे कपडे पांढरेशुभ्र, आणि गावाची तोंडं उतरलेली.

म्हणूनच त्या सकाळी सुमिए ॲप्रन नाचवत धापा टाकत घरात शिरली.

"बाबा, हे बघा. धूळ."

इवाओ मिसोचं सूप पीत होता. त्याचं उभं आयुष्य भट्टीवर गेलेलं, आणि ती विझल्यावर राखणदारीच्या किल्ल्याही त्याच्याकडेच आलेल्या. "वाऱ्याने जुनीच उडाली असेल," तो म्हणाला.

"आठवडाभर पाऊस झोडपतोय. जुनी कुठली राहायला?" तिने फ्रीजच्या दारावरचं लोहचुंबक काढून ॲप्रनवरून फिरवलं. चुंबकाला लाल मिशा फुटल्या. इवाओचा वाडगा हातातच राहिला.

सुमिएची खानावळ कारखान्याच्या फाटकासमोर. पूर्वी तिथे बसायला जागा मिळायची नाही, आता चार-दोन गिऱ्हाइकं यायची. जाताना गिऱ्हाइकं जुन्या सवयीने म्हणायची, "सुखरूप राहा," आणि सुमिए कढईवरून मान न उचलता तेच शब्द परत करायची. पोलादवाल्यांचा नमस्कारच तो, तिने तो पाळण्यातच उचललेला. पण महिनाअखेर खानावळीला कुलूप लागणार होतं. मग ती ओसाकाला कुणाच्या तरी हाताखाली भांडी घासायला जाणार, आणि म्हातारा इथे एकटा राहणार. दोघंही त्या विषयावर बोलत नसत.

तेवढ्यात कुराता आला. एके काळचा क्रेनवाला, हल्ली गळ टाकून बसणारा. त्याच्या बादलीत दोन काळे मासे फडफडत होते.

"कारखान्याच्या मोरीपाशी पाणी कोमट झालंय. माशांची जत्रा भरलीये नुसती. इवाओ, लेका, आमच्यापासून लपवतोस होय? कधी पेटवली?"

"कुणी पेटवली नाही. मालक तिची क्षमता अजून कागदावर धरतात, दिवसाला आठ हजार टन, एवढंच."

"क्षमता आमच्या पोरातही होती. मास्तर दरवर्षी सांगायचे," कुराता म्हणाला. "तरी नापास व्हायचाच."

दुपारपर्यंत गल्लीला उधाण आलं. दारूवाल्याने बिअरची पिंपं मागवली. न्हाव्याने खुर्चीवरची धूळ झटकली. सुमिएने माळ्यावरचं भाताचं मोठं पातेलं खाली काढलं आणि ते घासताना ती चक्क गाणं गुणगुणत होती.

"बाबा, बघून तरी या ना."

खोटं कशाला बोला, इवाओलाही राहवत नव्हतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्याची छाती इतकी धडधडली नव्हती.

आत सगळं नेहमीसारखंच होतं. पट्टे थांबलेले, छपरात कबुतरं. लोखंडी जिना चढून तो भट्टीसमोरच्या फरशीवर आला आणि त्याने तिच्या अंगावर तळहात टेकला. गार. पोटात उरलेलं लोखंड तिच्या तळाशी कधीच थिजून बसलं होतं. ती पेटणं शक्यच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्याने खाली पाहिलं. वितळलेलं लोखंड वाहून न्यायच्या पाटात नवी वाळू भरलेली होती. ओली, थापीने चोपून नीट केलेली. भट्टीचं तोंडही ताज्या मातीने लिंपलेलं होतं. हात कसबी होता. भट्टीतून लोखंडाची धार काढण्याआधी करतात ती सगळी तयारी कुणीतरी करून ठेवली होती. त्याला भीती वाटायला हवी होती. पण त्याला आनंद झाला, पोरकट आनंद.

मागून, जिन्याच्या बाजूने, पाळी संपवून थकलेल्या माणसाचा आवाज आला.

"सुखरूप राहा."

भट्टी क्षणभरही एकटी सोडायची नाही, धरणी हादरली तरी. जाणाऱ्याने हे शब्द म्हणायचे, येणाऱ्याने ते परत करायचे. परत केले की भट्टी त्याच्या गळ्यात. इवाओने आयुष्यभर हेच केलं होतं, त्यामुळे विचाराच्या आधी जीभ हलली.

"सुखरूप राहा."

जिन्यावर पावलं वाजली. हलकी, घरी निघालेल्या माणसाची. इवाओ वळला. जिन्यावर कुणी नव्हतं. पावलं मात्र उतरत गेली, आणि खाली फाटक करकरलं.

त्याने भट्टीला पुन्हा हात लावला. ती कोमट होती.

तो जिन्याकडे धावला. पहिल्या पायरीशी पाय जडावले, जागचे हलेनात. मागे फरशीकडे वळला की मुकाट्याने चालायचे. ऊन कललं तेव्हा भट्टी घोंघावू लागली होती. त्याला सगळं कळून चुकलं होतं. पुढची पाळी येईपर्यंत सुटका नाही.

"बाबा." सुमिए डबा घेऊन जिना चढत होती. "फाटक उघडंच टाकलंत? अहो, गल्लीत नाचतायत सगळे. धूर निघतोय आपल्या भट्टीतून."

शब्द त्याच्या ओठांवर आले. त्याने दातांखाली जीभ धरली, रक्ताची चव येईपर्यंत.

"बोलत का नाही? रडताय की काय? अहो बाबा, आता मला कुठे जायला नको."

त्याने हातानेच तिला परत फिरायची खूण केली. ती चिडली. डबा पायरीवर ठेवून, "वेडेच आहात," म्हणून उतरू लागली. एक वळण. दुसरं वळण. इवाओने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.

त्याच्या पाठीमागून, भट्टीच्या बाजूने, त्याच्याच थकलेल्या आवाजात कुणीतरी तिला म्हणालं,

"सुखरूप राहा."

"सुखरूप राहा," खालून सुमिए म्हणाली, कढईवरून म्हणायची तशी.

तिची उतरती पावलं थांबली, आणि सावकाश पुन्हा वर चढू लागली.

इवाओचे पाय एकदम हलके झाले.